अर्ध्यावर तुटलेलं गाणं
सोल्डरच्या धुराचा वास आला की मला गडहिंग्लजचा तो रेडिओ मेकॅनिक आठवतो. बुद्धजयंतीच्या आदल्या दिवशी आमच्या विहारातला ॲम्प्लिफायर जळाला, म्हणून मी कोल्हापुरातून नवे ट्रान्झिस्टर आणून तो त्याच्याकडं घेऊन गेलो होतो. त्यानं ब्लेडनं एकावरचा नंबर खरवडला, तर खाली दुसराच नंबर! “डुप्लिकेट माल हाय की ह्यो, पावणं! लावला तर उद्या पुन्हा धूर निघंल.” माझा चेहरा उतरलेला बघून त्यानं दुकानात गाणं वाजवत असलेला स्वतःचाच ॲम्प्लिफायर बंद केला, उघडला आणि त्यातले ट्रान्झिस्टर काढून आमच्या ॲम्प्लिफायरमध्ये बसवले. मी निघालो तेव्हा ते अर्ध्यावर तुटलेलं गाणं तो स्वतःच मोठ्यानं म्हणत होता. विहारातला ॲम्प्लिफायर आजही खणखणीत वाजतो, पण एवढा बेसूर आणि एवढा गोड आवाज त्यातून कधी निघाला नाही.