शेंगदाण्याचं सोवळं

लोकांच्या घरात रिकाम्या बाटल्या साठतात, आमच्या घरात किस्से साठतात. बाटल्या निदान भंगारवाला तरी नेतो! किस्से कोण नेणार? ऑफिसात चहाच्या वेळी मी एखादा सांगतो, सगळे हसतात आणि मग कुणीतरी विचारतंच, "पण एवढ्याशा शेंगदाण्याचं काय घेऊन बसलात हो?" मग मला दुसरा सांगावा लागतो.

पात्रं मोजकीच आहेत. मी बँकेत नोकरीला, बदली होऊन सोलापूरहून चेन्नईला आलेला. बायको मुग्धा. राहायला अण्णा नगरात, तिसऱ्या मजल्यावर. आणि आमची सई, वय वर्षं सात, जिला शेंगदाणा चालत नाही.

चालत नाही म्हणजे आवडत नाही असं नव्हे. दोन वर्षांची असताना तिनं बोटभर शेंगदाण्याची चटणी चाटली आणि बघता बघता ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, श्वास घरघरायला लागला. हॉस्पिटल वेळेवर गाठलं म्हणून आज हसत हसत सांगतोय. तेव्हापासून इंजेक्शनची निळी पिशवी आमच्याबरोबर सगळीकडे येते. आणि आम्हा दोघांच्या डोक्यात एकच विचार फिरत असतो, की आपण हिच्या मागेमागे कुठवर जाणार? कधीतरी हिला एकटीनं कुणाच्या तरी घरी जाऊन एकटीनंच विचारता आलं पाहिजे.

सईची एक गंमत आहे. सकाळी माझ्याकडून वेणी घालून घेताना ती रात्री स्वप्नात काय खाल्लं ते सांगते.

"आज चिक्कीचा जिना होता. मी चढत चढत खाल्ला."

"अगं, खाल्लास तर मग खाली कशी उतरलीस?"

"उतरलेच नाही. तू उठवलंस ना!"

स्वप्नात तिला कधीच काही होत नाही. दाण्याची आमटी, दाण्याचे लाडू, सगळं पचतं. शिवाय तिथं कुणाला काही विचारावंही लागत नाही. सापडलं की खायचं. मला त्याचं फार बरं वाटायचं. पोरीला निदान एक तरी ठिकाण असं आहे, असं वाटायचं.

*

माझी आई सोलापूरची. म्हणजे तिच्या स्वयंपाकातून शेंगदाणा काढला तर मागे फक्त गॅस उरतो! सईचं कळलं तेव्हा आईनं आधी दाण्याच्या कुटाचा डबा देऊन टाकला. मग म्हणाली, "आमच्या सासूबाईंचं सोवळं मी जन्मभर शिव्या देत पाळलं. आता हे हौसेनं पाळते."

आणि काय पाळलं! सईची भांडी वेगळी, पळी वेगळी, फडकं वेगळं. बाहेरून येणाऱ्यानं आधी मोरीत जायचं, मगच घरात पाऊल.

गेल्या वर्षी आई चेन्नईला आली. आम्ही एग्मोर स्टेशनवर घ्यायला गेलो. गाडी थांबली, आई उतरली आणि सई "आजीऽऽ" करत धावत सुटली. तशी आई दोन्ही हात पसरून ओरडली, "शिवू नकोस मला!"

सगळा प्लॅटफॉर्म वळून बघायला लागला. कुठल्या काळातली म्हातारी ही! एक कॉलेजची मुलगी तर चांगलीच रागानं बघत होती. आई मात्र बॅग छातीशी धरून मागेमागे सरकत होती. "अगं, शेजारणीनं आग्रह केला गं! गाडीत चटणी खाल्ली मी!"

घरी येताना आई टॅक्सीत पुढे ड्रायव्हरशेजारी बसली. सई मागून तिच्या अंबाड्याकडे टक लावून बघत होती. घरी पोचल्यावर आईनं अंघोळ केली, धुतलेलं लुगडं नेसली, आणि ओल्या केसांनीच जमिनीवर बसून म्हणाली, "ये आता." मग बराच वेळ दोघी उठल्याच नाहीत.

*

आमच्या शेजारी एक अक्का राहतात. पंचाहत्तरीच्या. तंजावरच्या मराठी. कित्येक पिढ्यांपूर्वी त्यांची माणसं इकडे आली, तेव्हाची मराठी त्यांनी अजून जपून ठेवलीय आणि तिला तमिळ हेल दिलाय. त्या बोलायला लागल्या की मला वाटतं, आपल्या खापरपणजीनं फोन केलाय.

सईचं प्रकरण समजावताना शिकल्यासवरल्या लोकांपुढे माझी दमछाक होते. "नुसता चमचा लागला तर काय होतंय?" "थोडं थोडं देऊन सवय करा की!" माझ्या साहेबांना मी एकदा अर्धा तास समजावलं. ते म्हणाले, "समजलं. म्हणजे भाजलेले चालतात."

अक्कांनाही सांगायला गेलो. चांगली तयारी करून सुरुवात केली, "म्हणजे बघा अक्का, डबा वेगळा असला तरी त्याच हातानं जर..."

"अय्यो, हें तर मडी!" अक्का म्हणाल्या. मडी म्हणजे त्यांच्याकडचं सोवळं. "येवढें सांगावयास डॉक्टर कशास? मुलीस सांगा, अक्काचें घरीं भय नाहीं."

माझं भाषण तसंच राहिलं.

*

खालच्या मजल्यावर विद्या राहते. तिचा अरविंद सईच्याच वर्गात आहे. त्याला दूध चालत नाही. आता, चेन्नईत दहीभात न खाणारा मुलगा म्हणजे काय हे बाहेरच्यांना कळायचं नाही. लोक हळहळतात! लिफ्टमध्ये एक आजोबा त्याच्या डोक्यावर हात ठेवून विद्याला म्हणाले, "मग हा जेवण संपवतो तरी कसा?"

त्याच्या वाढदिवसाला केकचा प्रश्न आला. बेकरीवाला दुधाची खात्री देईना, दाण्याची तर नाहीच. शेवटी विद्यानं इडल्यांचा मनोरा रचला. खाली मोठ्या, वर छोट्या, कळसाला एक मेणबत्ती. बाजूनं खोबऱ्याची चटणी, तिच्या घरची. अरविंदनं फुंकर मारली, सुरी चालवली आणि पहिला घास सईच्या तोंडात गेला. न विचारता. मुग्धा स्वयंपाकघरात तोंड फिरवून उभी राहिली, कारण वाढदिवसाला असा घास सईला आधी कुणी दिलाच नव्हता.

इतर मुलांनी घरी जाऊन "आम्हालाही इडलीचा केक" म्हणून रडारड केली, ते वेगळंच. पण खरी मजा अरविंदच्या आजीनं केली. कोपऱ्यात बसून शांतपणे इडली खात त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं मी रोज सकाळी वाढदिवस करत होते, कुणी सांगितलंच नाही!"

*

इकडचे लोक मान हलवतात. वरखाली नाही, डावीउजवीकडेही नाही. मधल्या मध्ये, देव्हाऱ्यातली ज्योत हलावी तशी. त्यात होकार असतो, नकार असतो, "बघू" असतं आणि "तुमचं बरोबर आहे" हेही असतं.

एकदा आम्ही टिफिन सेंटरमध्ये गेलो. मी घोकून ठेवलेलं तमिळ वाक्य म्हटलं, "इदुल वेर्कडलै इरुक्का?" म्हणजे, यात शेंगदाणे आहेत का? वेटरनं मान हलवली. मी म्हटलं, "इरुक्का, इल्लैया?" आहेत की नाहीत? त्यानं पुन्हा तशीच हलवली, वर हसला. मुग्धा म्हणाली, "नाही म्हणतोय." मी म्हटलं, "हो म्हणतोय." आमचं जुंपलं. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ मदतीला आले, त्यांनी वेटरला विचारलं, उत्तर ऐकलं आणि आमच्याकडे वळून मान हलवली!

त्या दिवशी आम्ही तिघांनी सोडावॉटर पिऊन जेवण उरकलं आणि बाहेर फुटपाथवर मी नियम केला, "तोंडानं स्पष्ट 'इल्लै' ऐकू आलं तरच खायचं. मान हलली तर नाही." सईनं मान हलवली.

*

हा किस्सा नाही, पण सांगतो. संध्याकाळी आम्ही समुद्रावर जातो. तिथं शेंगदाण्याच्या गाड्या असतात, म्हणून वारा कुठून येतोय ते बघून लांब, पाण्याजवळ बसतो. त्या दिवशी ऊन उतरलं होतं, लांबवर पतंग होते, आमच्या तिघांच्याही पायांवर पाणी येऊन जात होतं. सई बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "बाबा, समुद्राला किनाऱ्याची अ‍ॅलर्जी आहे का रे?"

"का गं?"

"जवळ येतो, हात लावतो आणि लगेच मागे पळतो."

"मग पुन्हा कशाला येतो?"

"आवडत असणार ना त्याला," ती म्हणाली.

*

आता नवरात्रातला. इकडे नवरात्रात घरोघरी पायऱ्या मांडून त्यावर बाहुल्या बसवतात, त्याला गोलू म्हणतात. संध्याकाळी एकमेकांकडे जायचं, बाहुल्या बघायच्या, गाणं म्हणायचं आणि सुंडल खायचं. सुंडल म्हणजे उसळच, कधी हरभऱ्याची, कधी शेंगदाण्याची. दरवर्षी आम्ही दोघं सईच्या दोन बाजूंना पोलिसांसारखे जायचो. या वर्षी ती परकर-पोलकं घालून उभी राहिली आणि म्हणाली, "अक्कांकडे मी एकटी जाणार."

अक्कांचं दार आमच्या दारापासून हाकेच्या अंतरावर. तिथं भय नाही हे माहीत होतं. तरी ती गेल्यावर मी निळी पिशवी मांडीवर घेऊन चपलांच्या स्टँडवर बसलो. मुग्धा उंबऱ्यात. आतून गाणं ऐकू येत होतं, मग हशा, मग एकदम शांतता. मी उठलो. मुग्धानं माझा हात धरला. "थांब," ती म्हणाली. मग पुन्हा हशा, आणि पाण्याचा नळ बराच वेळ चालू.

शेवटी अक्का स्वतः सईला घेऊन आल्या. झालं होतं असं, की एक पाहुण्या बाई देवळातून सुंडलाचा डबा घेऊन आल्या आणि सईच्या हातावर द्यायला लागल्या. सईनं हात मागे घेतला.

"प्रसाद आहे बाळा, नको म्हणू नये."

"नको म्हणत नाहीये, विचारतेय," सई म्हणाली. "इदुल वेर्कडलै इरुक्का?"

बाईंनी मान हलवली.

सई थांबली. मग वळली ती सरळ गोलूकडे. तिथं अक्कांची तंजावुरी बाहुली होती, जिची मान, कंबर, सगळं सुटंसुटं डोलतं. तिनं बाहुलीला बोट लावून तोच प्रश्न विचारला. बाहुलीही डोलली, अगदी त्या बाईंसारखीच! सई सगळ्यांना म्हणाली, "हीपण तोंडानं सांगत नाही. म्हणजे खायचं नाही."

मग अक्कांनी डबा उघडून पाहिला. शेंगदाणेच होते.

"माझे घरीं मडी मोडली!" अक्का आम्हाला सांगत होत्या. "अस्क्यांस हात धुवावयास लाविलें!" म्हणजे सगळ्यांना. कांजीवरम नेसलेल्या बायका बेसिनपुढे रांगेनं उभ्या होत्या, डबेवाल्या बाई सगळ्यांत पुढे. मग सईनं अक्कांचं हरभऱ्याचं सुंडल खाल्लं. तेही अक्कांना विचारून, आणि अक्कांनी मोठ्यानं "इल्लै!" म्हटल्यावर.

मुग्धा म्हणाली, "झालं. आता ही कुठेही जाऊ शकते." आणि रडायला लागली. मीही लागलो. सई म्हणाली, "तुम्हाला सुंडल नाही मिळालं म्हणून?"

दुसऱ्या दिवशी सकाळी वेणी घालताना मी नेहमीप्रमाणे विचारलं, "काय मग, काल स्वप्नात काय खाल्लं?"

"चिक्कीचा जिना होता. तोच."

"चढत चढत खाल्लास?"

"नाही. मी खाली उभी होते. बाहुलीला विचारत होते."

माझा हात वेणीतच थांबला. "स्वप्नातसुद्धा विचारलंस?"

"हो. ती नुसती डोलत होती. आणि बाबा, तू ना, मागून आलास आणि न विचारताच जिन्याचा तुकडा मोडलास!"

"मग?"

"मग काय! मी तुझा हात धरला."