विहिरीच्या वरची खाण

इलायसला घरच्यांना नाही म्हणता येत नसे. बहरीनच्या मीना सलमान बंदरातल्या गोदामात तो स्टोअरकीपर होता. तिथे एक नट कमी निघाला तरी तो गाडी अडवायचा. पण वसईच्या, घरच्या माणसांपुढे त्याची जीभ मऊ पडायची. बहरीनला गेलेल्याने घरच्या जमिनीवर डोळा ठेवू नये, असं तो मानायचा. लोक म्हणतील, तिकडे दिनार कमावतो आणि इकडे वाटा मागतो.

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात धाकट्या भावाने, डॉमनिकने, कळवलं की डोंगराच्या पायथ्याची जमीन एक कंत्राटदार दगडखाणीसाठी मागतोय. वीस वर्षांचा पट्टा. जमीन दोघांची, म्हणून दादाचा होकार हवा. इलायस टेपरेकॉर्डरसमोर बसला आणि कॅसेट भरली. आधी सगळ्यांची खुशाली विचारली. शेवटी मोठ्या मनाने म्हणाला, "तुम्ही कराल ते मला मान्य. मला काही नको." सुटीवर वसईला निघालेल्या, आळीतल्याच फ्रेडीने कॅसेट नेली.

त्या आठवड्यातल्या शुक्रवारी गोदामातला नजीब त्याला जनाबिया गावी, आपल्या वडिलांच्या बागेत घेऊन गेला. बाग कसली! खजुरीचे शेंडे करपलेले. मधोमध झऱ्याचा दगडी काठ, आणि आत भेगाळलेला चिखल. त्यात कुणाची तरी एक चप्पल रुतलेली.

"पाणी कुठे गेलं?" इलायसने विचारलं.

नजीबने भिंतीपलीकडे हात केला. तिथे पंप धडधडत होता. तो तुकडा त्याच्या वडिलांनीच पट्ट्याने दिला होता, नव्या बंगल्यांसाठी पाणी काढायला.

"बाबांनी भाडं विचारलं, वर्षं विचारली," नजीब म्हणाला. "किती खोल जाणार, ते नाही विचारलं. इथे तेल सरकारचं. पाणी तेवढं आमचं होतं. खलास."

इलायसला घरची जमीन आठवली. कंत्राटदाराने मागितलेल्या उताराच्या बरोबर खाली त्यांची विहीर होती. केळी, पानवेली, अख्खी वाडी तिच्यावर. खाण किती खोल जाणार? विहिरीपासून किती लांब? त्यानेही काही विचारलं नव्हतं.

घरी आल्या आल्या त्याने बायकोला सगळं सांगितलं. अ‍ॅग्नेस हॉस्पिटलात नर्स होती, ड्यूटीवर निघाली होती.

"फ्रेडी अजून पोचला नसेल ना?" त्याने विचारलं.

"फ्रेडी? तो आधी लोकांच्या कॅसेटी वाटतो, मग बायकोला तोंड दाखवतो," ती म्हणाली. "फेऱ्या मारू नकोस. ट्रंक कॉल लाव."

वसईत फोन होता तो शेजारच्या डॉक्टरांकडे. डॉमनिकला बोलावून आणेपर्यंत इलायसचा सदरा घामाने भिजला.

"दादा! तुझी कॅसेट अंगणात लावली. अख्खी आळी होती, कंत्राटदारपण होता. पेढे वाटले त्याने!"

"सही झाली?"

"सोमवारी. वकील येतोय."

"थांबव."

"काय?"

"किती खोल खणणार ते कागदावर घालून घे. विहिरीपासून किती अंतर सोडणार, तेही."

"भर अंगणात मान्य म्हणालास तू. आता त्याला काय सांगू, दादाला बहरीनमध्ये स्वप्न पडलं?"

"इथे एक झरा आटलाय, डॉमनिक. डोळ्यांनी बघून आलो."

"वाळवंटात झरा आटणारच! इथे पाऊस पडतो." डॉमनिकचा आवाज चढला. "तुला काय, तुझ्या नळाला पाणी येतं. माझ्या पोरीचं लग्न आहे. खोलीबिलीचं काढलं तर तो उठून जाईल."

"जाऊ दे."

"जाऊ दे म्हणणार तू, आणि आळीत तोंड द्यायचं मी. मग येच. त्याच्यासमोर बस आणि तूच नाही म्हण. येतोस?"

तारेत खरखर झाली. 'हो' हा शब्द इलायसच्या ओठांवर कायमचाच असायचा. तो म्हणायची भीती त्याला पहिल्यांदा वाटली.

"मी येईपर्यंत सही नाही करणार?"

"सोमवारपर्यंत थांबतो. नाही आलास तर करून टाकतो."

"येतो," इलायस म्हणाला. लाईन तुटली. डॉमनिकने ते ऐकलं की नाही, कळलं नाही.

शनिवारी सकाळी तो मॅनेजरपुढे उभा राहिला. सगळ्यांचे पासपोर्ट कंपनीच्या कपाटात असत.

"लीव्ह डिसेंबरमध्ये," मॅनेजर मान वर न करता म्हणाला. "आत्ता मफी, मिळणार नाही. असाच गेलास तर व्हिसा कॅन्सल, परत यायचं नाही. यल्ला, कामाला लाग."

इलायसला घराचं भाडं आठवलं. अ‍ॅग्नेस इथे एकटी राहील, हे आठवलं. त्याने टेबलाची कड धरली.

"मग पासपोर्ट द्या, साहेब."

मॅनेजरने आता मान वर केली. मस्करी असेल असं वाटून तो हसला.

इलायस जागचा हलला नाही.