भटजींचा बोंबील

तेव्हा मी रविवारी मोतीला घेऊन उत्तनचं जुनं चर्च, किल्ला, बंदर पायी हिंडायचे. कुत्रा दूधभातावर वाढवल्याची मला केवढी घमेंड, भेटेल त्याला सांगायचे! वाटेवर बोंबील वाळत घालणारी एक कोळीण मला ओळखही द्यायची नाही. बोलायची ती मोतीशीच. “आलं का भटजी?”

एकदा मोतीनं दोन दिवस अन्न सोडलं होतं. तरी मी शहाणी त्याला समुद्राची हवा खिलवायला निघालेली! त्याचं खपाटीला गेलेलं पोट बघून कोळणीनं त्याला मांडीवर घेतलं, घरातून उकडलेला ताजा बोंबील आणवला आणि काटा काढून भरवला.

“भूक हाय त्याला. दूधभात न्हाय पायजे.”

मोतीनं तिची बोटंही चाटली. मी पदर तोंडाला लावला.

“वास येतो का गो?” पहिल्यांदाच तिनं मला विचारलं.

डोळे पुसत मी हो म्हटलं.