काटेबाईंची मोजणी

‘अंदाजे’ हा शब्द काटेबाईंसमोर कुणी उच्चारला की त्याची खैर नसे. आता त्या निवृत्त होऊन पिंपळगाव रेणुकाईला शेती बघतात, पण तीस वर्षं त्या अंबड तालुक्यातल्या आमच्या आरोग्य केंद्रात सिस्टर होत्या. मी नवी डॉक्टर म्हणून रुजू झाले आणि पहिल्याच बाळंतपणाच्या कागदावर ‘रक्तस्राव अंदाजे दोनशे मिली’ असं लिहिलं. बाईंनी कागद परत माझ्यापुढे सरकवला. “मॅडम, अंदाज पावसाचा सांगतेत. हे बाईचं रक्त हाय.” मला असा राग आला! एवढी शिकून आले ती काय बोलणी खायला?

त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपटावर होतं. आमच्याकडे बाळंतिणीसाठी घरूनच जुन्या लुगड्याचे तुकडे आणतात, आणि ते भिजले की परक्याची नजर पडू नये म्हणून सासू लगोलग गुंडाळून बाहेर नेते. रक्त किती गेलं, हेही त्या गाठोड्याबरोबर निघून जायचं. बाईंनी अंबडच्या एका मारवाडी शेठजींच्या मागे लागून दुकानातला वजनाचा काटा आणला, आणि तेव्हापासून त्या काटेबाई झाल्या. कपडा आधी कोरडा तोलायचा, मग भिजलेला. दारात उभ्या राहून त्या सासवांशी भांडायच्या, “मावशी, गाठोडं मी काय ठेवून घेते का? तोलते अन् देते, बिलकुल देते!” आम्ही गालातल्या गालात हसायचो. मी जरा जास्तच.

मग जालन्याला प्रशिक्षण झालं. नव्या संशोधनाचं सांगणं असं, की बाळंतपणानंतरचं रक्त नजरेनं जोखलं तर कमीच वाटतं. म्हणून रेषा आखलेली पिशवी बाळंतिणीखाली लावा, मोजा, आणि धोका दिसताच सगळे उपाय एकदम करा, एकेक करत बसू नका. पूर्वी आम्ही पाचशे होईपर्यंत वाट बघायचो. आता रक्त तीनशेवर गेलं आणि नाडी बिघडली, की लगेच उपाय सुरू करायचे होते. पहिल्या रांगेतल्या काटेबाई पुन्हा पुन्हा मागे वळून माझ्याकडे बघत होत्या, वर्गात पहिल्या आलेल्या पोरीसारख्या.

परतताना एसटीत मात्र त्या हळूच म्हणाल्या, “माझी थोरली बहीण बाळंतपणात गेल्ती, मॅडम. सगळ्या म्हणून राह्यल्या व्हत्या, नेहमीइतकंच हाय.” त्यानंतर मी त्या काट्यावर कधी हसले नाही.

त्यांच्या निवृत्तीला महिना उरला असताना शहागडकडची संगीता आली. मेंढरं राखणाऱ्या घरातली, पहिलटकरीण. भरदुपारी मुलगी झाली. मी वाकून पाहिलं, “नेहमीइतकंच आहे” म्हटलं आणि हातमोजे काढायला लागले. हो, मीच! सगळं ऐकून, शिकून आलेली!

“मॅडम, पिशवी बघा.”

रक्त तीनशेच्या वर चढत होतं. संगीताची नाडी धावत होती, ओठ पांढरे पडले होते. बाईंचा हात तिच्या पोटावर गर्भाशय चोळत होताच. “इंजेक्शनं भरून ठेवलीत, दोन्ही. सलाईन लावा. जल्दी!” गर्भाशय आवळणारं इंजेक्शन, रक्त थांबवणारं दुसरं, सलाईन, आत कुठे फाटलंय का ते बघणं, सगळं एकदम सुरू झालं. रुग्णवाहिकेला फोन गेला. बाहेर सासूनं हंबरडा फोडला. आत बाई संगीताशी बोलतच होत्या, “डोळे मिटू नको गं माय. माझ्याकडं बघ. तुझ्या पोरीचं नाव कोण ठेवणार, मी?”

पाचशेच्या आत रक्त थांबलं. गर्भाशय घट्ट झालं. रुग्णवाहिका दारात आली तेव्हा नाडी ताळ्यावर आली होती, आणि संगीता चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाली, “बाई, मला भूक लागली.”

जिंकलो होतो आम्ही! मी तिथेच, सगळ्यांदेखत, काटेबाईंच्या पाया पडले आणि हमसून हमसून रडले. त्यांनी मला दंडाला धरून उठवलं. डोळे त्यांचेही भरले होते, आवाज मात्र तोच.

“रडून काय राह्यल्या, मॅडम? लेकराची माय उपाशी हाय. शिरा करायला सांगा.”