झाकणावरचं शून्य

दामूमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी फ्रिज उघडून उभी होते. सकाळचे साडेसात वाजले होते, आणि समोर अंड्यांच्या खणात मामाच होता... न धुतलेल्या फिल्मच्या रोलमध्ये गुंडाळलेला. पलीकडून मामी एवढंच म्हणाली, "प्रज्ञा, ये गं. चहा घेतला आणि खुर्चीतच गेले." मी फ्रिजचं दार बंद केलं. मुलुंडहून चारकोपला रिक्षाने जाताना रस्ताभर मामाच्या आठवणी यायला हव्या होत्या. आठवत होता तो रोल, आणि सहा दिवस मामापासून लपवलेली माझी एक चूक.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. जालन्याकडून विशीत मुंबईला आला आणि साकीनाक्याच्या एका कलर लॅबमध्ये चिकटला तो लॅब बंद होईपर्यंत. लोकांनी काढलेल्या रोलच्या कॉप्या काढणं हे त्याचं काम. लग्नं, बारशी, सहली, सगळी मुंबई त्याच्या हाताखालून गेली. रोलच्या पाकिटावर गिऱ्हाइकाची सूचना असायची आणि ती बहुतेक वेळा एकच असायची, ‘चेहरा उजळ करणे’. मामा सांगितल्याप्रमाणे उजळ कॉपी काढायचा आणि तिच्यामागे आणखी एक, माणूस होता तशी, पाकिटात सरकवून द्यायचा. मालकाला कळलं तेव्हा तो ओरडला. मामा म्हणाला, "साहेब, दुसरी परत आणून दिली का कुणी?" कुणीच आणून दिली नव्हती.

त्याचा स्वतःचा मात्र धड फोटो नव्हता. लग्नाच्या अल्बममध्ये मामीची पांढरी साडी झकास आली आहे, कारण ती जळू नये म्हणून फोटोग्राफरने उजेड आखडता घेतला. त्यात मामा अंधारात गेला. आमच्या घरातला सगळ्यात सावळा माणूस. त्या अल्बममध्ये हार दिसतो, आणि हाराच्या वर दातांची एक ओळ. तेव्हापासून कुणी कॅमेरा काढला की तो म्हणायचा, "दे इकडे, मी काढतो." पुढे मोबाइल आले आणि वेगळीच पंचाईत झाली. मोबाइल आपल्या मनानेच चेहरा गुळगुळीत गोरा करतो. एका बारशातला तसला फोटो मी त्याला दाखवला तर म्हणाला, "हा सोललेला बटाटा कोण गं?" आणि त्यानंतर मोबाइल दिसला की तोंडावर हात.

फिल्मचं खूळ माझ्या डोक्यात दोन वर्षांपूर्वी शिरलं. चाळिशीला आलेली, दिवसभर लोकांचे गुडघे-खांदे हलवणारी फिजिओथेरपिस्ट मी, आणि एका पेशंटने माळ्यावरून काढलेला जुना कॅमेरा मला देऊन टाकला. मग व्हिडिओ बघणं आलं. सगळ्यांचं एकच पालुपद, कलर फिल्मला ठरल्यापेक्षा जास्त उजेड द्या, रंग दुधात बुडवल्यासारखे येतात. माझे पहिले तीन रोल काळेकुट्ट आले होते. ते घेऊन मी मामाकडे गेले. त्याने निगेटिव्ह खिडकीसमोर धरली आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला शाळा आठवली. "उजेड काय रेशनवर मिळतो का तुला? उपाशी ठेवलीस बिचारीला." मी म्हटलं, जास्त दिला तर जळेल ना. तो म्हणाला, "ते तुझ्या डिजिटलमध्ये. तिथे पांढरं जळलं की वाट लागली. हिचं उलटं आहे. हिला अंधार पचत नाही, उजेड वाटेल तेवढा पचतो." मग निगेटिव्ह खाली ठेवत, "आणि सावळ्या माणसाला तर पोटभर दे. आम्हाला कुणी दिलाच नाही..." हे तो हसत म्हणाला. मला हसू आलं नाही.

किती पचतो, हा माझा प्रश्न. करून बघ, हे त्याचं उत्तर. एकाच जागी, एकाच उन्हात, पहिली फ्रेम बरोब्बर, मग प्रत्येक फ्रेमला उजेड दुप्पट, अशा सात फ्रेम. समोर चेहराच हवा, कारण भिंतीवर काही कळत नाही, असं त्याचंच म्हणणं. मामी क्लासला गेलेली. मग उरला कोण? जन्मभर चुकवलेला कॅमेरा त्याने त्या रविवारी माझ्या परीक्षेसाठी स्वतःवर ओढवून घेतला. गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत तो उभा राहिला. हातात शर्टाच्या खोक्याचं झाकण, त्यावर मार्करने मोठं शून्य. फ्रेम झाली की शून्यावर काट, शेजारी एक. मग दोन. असं सहापर्यंत. सुरुवातीला त्याने कॅमेरा हातात घेऊन वरून, बाजूने नीट पाहिला होता आणि परत देत म्हणाला होता, "ठीक आहे. कर सुरू." सहा झाल्यावर विचारलं, "झालं ना? आता घरातल्यांना सांगू नकोस मी उभा राहिलो म्हणून, नाहीतर रांग लागेल."

संध्याकाळी घरी रोल गुंडाळताना माझं लक्ष कॅमेऱ्यावरच्या फिल्म-स्पीडच्या डायलकडे गेलं. रोल चारशेचा; डायलवरचा आकडा जेवढा कमी तेवढा कॅमेरा उजेड जास्त घेतो. डायल शंभरावर. आधीच्या रोलला व्हिडिओवाल्यांचं ऐकून मी ती शंभरावर आणली होती आणि तशीच विसरले होते. म्हणजे सगळ्या फ्रेमना आधीच चौपट, म्हणजे दोनदा दुप्पट, उजेड मिळाला होता. शून्य हे शून्य नव्हतंच, ते दोन होतं, आणि सहा म्हणजे आठ. मी चरकले. मामाने आयुष्यात पहिल्यांदा कुणापुढे नीट चेहरा धरला आणि मी तो धुऊन पांढरा केला. पाकिटावरच्या गिऱ्हाइकांना जमलं नाही ते त्याच्या भाचीने करून दाखवलं. पुढच्या रविवारी सांगू, पुन्हा काढू, असं ठरवून मी रोल अंड्यांच्या खणात ठेवला. तो रविवार आलाच नाही. मामा शनिवारी गेला.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला बुद्धमूर्तीशेजारी ठेवायला फोटो हवा होता. ओळखपत्रावरचा मोठा करून आणला. सगळ्यांनी फुलं वाहिली, मामीनेही. लोक पांगल्यावर ती त्या फोटोकडे बघत म्हणाली, "हा आमचा माणूस नाही. हा कुणीतरी सरकारी आहे." मग माझ्याकडे वळली. "गच्चीत काढलेस ना तू? मला म्हणाले होते." मी म्हटलं, लॅबला दिलेत. धडधडीत खोटं. तीन आठवडे रोल फ्रिजमध्येच होता आणि मी अंडी आणणं बंद केलं होतं. धुतला नाही तोवर मामा त्यात शाबूत आहे, असं काहीतरी वेडगळ मनात असावं. धुतला आणि आत पांढरी सावली निघाली तर मामीला काय दाखवणार?

शेवटी मामीनेच दुसऱ्यांदा विचारलं आणि मी रोल घाटकोपरच्या एका लॅबला नेऊन दिला. तिथल्या माणसाने विचारलं, किती ओव्हर आहे मॅडम? मी म्हटलं, दोनपासून आठपर्यंत. त्याने पेन खाली ठेवलं. "आठ?" मग समजुतीच्या सुरात म्हणाला, "बघू या. निगेटिव्ह आहे, सहन करते."

फोटो मोबाइलवर आले तेव्हा मी क्लिनिकमध्ये होते, मालवणच्या एका आजींचा गुडघा माझ्या हातात होता. पहिलीच फ्रेम उघडली. झाकणावर शून्य, आणि त्याच्या वर मामा. काळसर तांब्याचा तोच रंग. कानशिलावरचा देवीचा व्रण. भुवईतले तीन पांढरे केस, दाढी करताना हनुवटीवर राहिलेली रेघ, चष्म्याने नाकावर पाडलेले दोन खड्डे. अल्बममध्ये जे जे अंधारात गेलं होतं ते सगळं जागच्या जागी होतं. काहीही धुऊन गेलं नव्हतं. पुढे चार, पाचपर्यंत तो तोच होता, फक्त ऊन वाढत गेलेलं. सहामध्ये मागची भिंत आणि टाकी विरघळून गेली होती, तरी चेहरा होता आणि हसत होता. मी खुर्चीत बसले आणि मोठ्याने हसले, आणि मग रडू आलं ते आवरेना. एवढं हलकं मला तो गेल्यापासून एकदाही वाटलं नव्हतं. आजी म्हणाल्या, "तू बस गो बाय. माजो गुडघो खंय पळान जातलो?"

शून्याची मोठी कॉपी काढून, फ्रेम करून चारकोपला नेली. मामीने पदराने काच पुसली, जी पुसायची गरज नव्हती, आणि बराच वेळ बघत राहिली. "हां," ती म्हणाली. "हे." एवढंच. मग ओळखपत्रवाला फोटो उचलून कपाटात टाकला. कपाटावर फ्रेम सरळ उभी राहीना, मागे टेकू हवा होता. मामी आतून शर्टाच्या खोक्याचं ते झाकण घेऊन आली. "हे घे. फेकू देत नव्हते. प्रज्ञाला द्यायचंय म्हणायचे, आणि मी या गडबडीत विसरले बघ."

पुढच्या बाजूला शून्यापासून पाचपर्यंत काट मारलेले आकडे आणि शेवटचा सहा. मी झाकण उलटलं. आत, लॅबच्या पाकिटांवर लिहायचा त्याच बारीक तिरक्या अक्षरात, मामाने लिहिलं होतं:

‘डायल शंभरावर राहिली आहे. सर्व फ्रेमना दोन मिळवणे. आत्ता सांगितले तर पोरगी घाबरेल आणि डायल सुधारेल. सुधारली तर शून्यावर मी पुन्हा काळा येईन. शून्य नंबर चांगला येणार. धुऊन आल्यावर तिला सांगणे.’

कॅमेरा हातात घेऊन बघितलं तेव्हाच त्याला दिसलं होतं. मी सहा दिवस आणि वर तीन आठवडे जी चूक उराशी धरून बसले ती त्याने पहिल्याच मिनिटाला पाहिली, आणि ती तशीच राहू दिली. मी मामीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "लबाड माणूस," आणि चहा टाकायला उठली.

फ्रेमला आम्ही दुसरा टेकू दिला. झाकण माझ्याकडे आहे, कॅमेऱ्याच्या खणात. नवा रोल भरताना मी ते बाहेर काढते, समोर ठेवते, आणि चारशेच्या रोलला डायल शंभरावर नेते... आता न विसरता.