एक्सक्यूज मी, सॉरी आणि एक अंगठा

हे बघा, चहा आधी संपवा. ठसका लागला तर मला बोल लावू नका. माझंच लग्न जमवताना मी काय घोळ घातला, ते सांगतोय.

परतूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, माझं बियाण्यांचं दुकान. तेव्हा वय बत्तीस आणि सात ठिकाणांहून नकार! आठवं स्थळ आष्टीचं. मुलगी शाळेत इंग्रजी शिकवते, आणि माझं इंग्रजी बियाण्यांच्या पाकिटापुरतं!

आईनं बजावलं, "हे बी गेलं तर दुकानातच झोपायला जाय!"

मग काय, मोबाइलवर इंग्रजी बोलायला शिकवणारे व्हिडिओ बघायला लागलो. एक धडा पक्का झाला: त्रास देण्याआधी 'एक्सक्यूज मी', दिल्यावर 'सॉरी'. आठ दिवस तेवढंच घोकलं.

आष्टीला मामासोबत गेलो. बैठक माणसांनी गच्च भरलेली. मुलीचे वडील, आबा, पाय पसरून बसलेले. अंगठ्याला ही मोठी पट्टी! म्हशीनं पाय दिला होता म्हणे. माझं लक्ष कुठं? आतल्या दाराच्या पडद्याकडं! आणि पडला ना माझा पाय नेमका त्या पट्टीवर.

"आईईई गं!"

आता काय म्हणावं? एक्सक्यूज मी? पण त्रास तर सुरू झालाय! मग सॉरी? पण तो संपलाय कुठं? पाय अजून वरच आहे! व्हिडिओत हे नव्हतंच हो. मी तिथंच उभा राहून विचारात पडलो. वजन ब्याऐंशी किलो.

मामा ओरडला, "आरं, काय करून राह्यला?"

"थांबा मामा, एक्सक्यूज मी का सॉरी, ते ठरवून राह्यलो!"

"पाव्हणं," आबा कळवळले, "म्हशीनं बी लगेच काढला व्हता हो!"

पडदा सरकला. मुलगी हसू दाबत म्हणाली, "कोन्ताबी शब्द चालंल, पन आधी पाय काढा!"

मी दचकलो. "एक्सक्यूज मी" म्हणत मागं सरकलो, पोह्यांच्या परातीत बसलो आणि "सॉरी" म्हणालो. या वेळी क्रम बिलकुल बरोबर होता!

घरी आल्यावर आईनं माझी गादी गुंडाळायला घेतली. तेवढ्यात आष्टीहून आबांचा फोन आला.

"आमच्याकडून होकार हाय. पोरगी म्हन्ती, इतका इचार करून बोलनारा मानूस पुन्हा घावायचा न्हाई."

या गोष्टीला सहा वर्षं झाली. आजही मी आष्टीला गेलो, की आबा आधी दोन्ही पाय उचलून खाटेवर घेतात आणि मगच म्हणतात, "या, जावईबापू!"