चिंचेखालची झोपलेली पोरं

पालघरजवळच्या दांडी गावातल्या पागधऱ्यांच्या घरातला मुलगा मासेमारी सोडून पोलिसात गेला, कारण त्याला बोट लागायची. आणि लागायची म्हणजे थोडीथोडकी नाही. बोट खाडीच्या तोंडाशी आली की जानूचं तोंड काठाबाहेर. बापानं दोन हंगाम कळ काढली, देवीला नारळ बोलला, कुणी सांगितलं म्हणून आल्याचा रस पाजून पाहिला. शेवटी एक दिवस बोटीवरच्या सगळ्या खलाशांदेखत त्यानं मुलापुढे हात जोडले आणि म्हणाला, "तू आपला जमिनीवरच रा बाबा." जानू पालघरला गेला, छाती फुगवून मापाला उभा राहिला आणि पोलीस झाला.

जमिनीवर मात्र गडी पक्का निघाला. परवान्यावर मिळणारी अफू सरकारनं बंद केल्याला तेव्हा चार-सहा वर्षं झाली होती. बंद झाली म्हणून खाणारे थोडेच थांबतात? माल गाडीनं यायचा, होडीनं यायचा, आणि तो कुठून कसा येतो हे हुडकण्यात जानू पागधरेचं डोकं असं काही चालायचं की ठाण्यात अफूची केस आली की ती त्याच्याच गळ्यात पडायची. एकदा पालघर स्टेशनात सुक्या बोंबलाची टोपली घेऊन एक माणूस उतरला. बोंबील विकणारा टोपली आपटून ठेवतो, हा तान्हं मूल निजवावं तशी ठेवत होता. जानूनं टोपली उपसली, तळाशी अफूचे गोळे. तेव्हापासून तो 'अफूवाले हवालदार' झाला. त्याच्या बायकोला, मंदाला, हे नाव मुळीच आवडलं नाही, कारण बोईसरच्या बाजारात एका भाजीवालीनं तिला अगदी कळवळून विचारलं होतं, "मालक रोज किती खातात गं?"

हवालदारानंतर जमादार. जानूला जमादारी हवी होती. हवी होती म्हणजे, आरशासमोर उभं राहून तो हाताच्या बाहीकडे तिरक्या नजरेनं बघायचा आणि मंदा आली की दाढी तपासल्यासारखं करायचा. त्याचे साहेब, फौजदार निगुडकर, यांनी हे ओळखलं होतं. चौसष्ट-पासष्टच्या सुमारास तारापूरकडे वीजघर व्हायचं म्हणून बोईसरपासून समुद्राकडचा रस्ता रुंद करायचं काम निघालं होतं. डोंगरपट्ट्यातली माणसं, बायका-पोरांसकट, खडी वाहायला येऊन तिथं झोपड्या टाकून राहिली होती.

"पागधरे," निगुडकर म्हणाले, "त्या रस्त्याच्या कामावर अफू जाते, एवढं मला नक्की कळलंय. कोण खातंय ते कळत नाही. तुम्ही देणारा पकडून द्या, मी तुमचं नाव वर पाठवतो."

जानूनं खाकी उतरवली आणि चणे-शेंगदाण्याची टोपली डोक्यावर घेतली. मधोमध निखाऱ्याचं मडकं, भोवती गरम शेंगदाणे, वर कागदाच्या पुड्या. रस्त्याच्या कडेला एक मोठी चिंच होती, तिच्यापासून हाकेच्या अंतरावर त्यानं बैठक मारली. आठवडा गेला. बिड्या ओढणारे दिसले, लपूनछपून नवसागराची दारू लावणारे दिसले, पत्ते कुटणारे दिसले. पण ते अफूवाल्याचे सुस्त डोळे कुठंच नाहीत. शेंगदाणे मात्र असे खपले की मंदा म्हणाली, "अवो, नोकरी सोडा नि हाच धंदा धरा. निदान मला कोण काय इचारणार तरी नाय." जानूनं गल्ला मोजायला घेतला. त्याला मनातून ते पटत चाललं होतं आणि त्याचीच त्याला भीती वाटत होती.

शिवाय त्याला झोप नव्हती. लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी झालेली त्याची मुलगी चंद्रकांता आठ महिन्यांची होती आणि तिचा आवाज असा खणखणीत होता की शेजारचे लोक तिच्या रडण्यावर चहाची वेळ लावत. दिवसभर पोरीचा तो सूर त्याच्या कानात घुमायचा. एका दुपारी तो पेंगत बसला होता. एकाएकी त्याच्या लक्षात आलं की आपल्याला पेंग येतेय, कारण इथं शांत आहे. त्यानं चिंचेकडे पाहिलं. फांद्यांना लुगड्याच्या झोळ्या टांगलेल्या, प्रत्येकीत एक तान्हं पोर. उन्हाचा ताव, खडी फोडायचा आवाज, माश्या. आणि इतक्या झोळ्यांतलं एकही पोर रडत नव्हतं. त्याला आधी हेवा वाटला, खरं सांगायचं तर.

तेवढ्यात सोमी आली. काळीसावळी, हसऱ्या तोंडाची पोरगेली बाई, रोज दोन पैशांचे चणे न्यायची. तिचा झिपरू त्यातल्याच एका झोळीत होता.

"सोमीबाय," जानू म्हणाला, "तुमची पोरं रडत नाय कदी? माजी पोर घर डोक्यावर घेते."

"बालागोली देत नाय तू तिला?" सोमीला खरंच आश्चर्य वाटलं. तिनं पदराची गाठ सोडली, आतून मोहरीएवढी काळी गोळी काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. "घे दादा. दुदात उगालून दे. सांजपावत आवाज नाय करनार. माज्याकडं आनकी हाय."

जानूला गोळी नाकाशी न्यायचीही गरज नव्हती. तो आठवडाभर मोठ्या माणसांचे डोळे तपासत बसला होता आणि अफू खाणारे चिंचेला टांगलेले होते. आता उठायचं, बाईला ठाण्यात न्यायचं, पदरातला माल जप्त करायचा. केस उभी. पण ही बाई कायद्यानं गुन्हेगार होती आणि तो चोरटा माल तिनं पोलिसाला फुकट दिला होता, तोही त्याच्या पोरीला झोप लागावी म्हणून. जानू गोळी मुठीत धरून नुसताच बसला.

घरी आल्यावर त्यानं आईला, लाडकीला, सगळं सांगितलं. लाडकी नातीला मांडीवर थोपटत होती. तिनं मान वरसुद्धा केली नाही.

"मंग? मीबी देत होते तुला."

"काय?"

"डोक्यावर मावऱ्याची पाटी घेऊन पालगरपावत चालत जायची, मासली इकाया. तुला कोन बगनार होता? तू निजायचास. कदी कदी उटवून उटत नव्हतास, तवा लय भ्या वाटायचा." मग जरा थांबून ती म्हणाली, "दुसरा काय करनार होते, जानू?"

तालुक्यात अफूचा कर्दनकाळ म्हणून गाजलेला हवालदार स्वतःच अफूवर वाढलेला निघाला. तो ओट्यावर जाऊन बसला. त्याला आईचा राग आला, मग रागाची लाज वाटली. शेवटी त्यानं ठरवलं की उद्या सोमीला आडबाजूला घेऊन समजावून सांगायचं, आणि तिच्याकडूनच देणाऱ्याचं नाव काढायचं.

पण समजावायची वेळ आलीच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत सोमी पोराला पाजायला झोळीपाशी गेली आणि तशीच पोर हातात घेऊन धावत सुटली. सगळ्यात जवळ चणेवाला होता म्हणून त्याच्याकडे आली. झिपरूची मान लुळी पडली होती, ओठ निळे झाले होते. जानूनं पापणी वर केली. बाहुली सुईच्या टोकाएवढी.

"किती दिल्यास?"

"दोन. मुकादम बोलला, सकालपासून कुरकुरतो, आज दोन दे."

मुकादम. आठवडाभर शोधलेलं नाव आपणहून समोर येऊन पडलं, आणि जानूला त्या घडीला त्याचं काहीही वाटलं नाही. त्यानं मडक्याला लाथ बसते आहे की टोपलीला हे न बघता मागं उभी केलेली आपली सायकल ओढली. सोमीला मागं बसवलं. "मी पोलीस हाय," एवढं तो दमल्या आवाजात म्हणाला, "घाबरू नको. त्याच्या तलपायाला चिमटे काढ. निजू देऊ नको." बोईसरपर्यंत तो सायकल मारत होता आणि मागं न बघता पुन्हा पुन्हा विचारत होता, "श्वास हाय ना?" आणि सोमी दर वेळी म्हणत होती, "हाय." एकदा तिला उत्तर द्यायला उशीर झाला, तेव्हा तो उभ्यानं पायडल मारायला लागला.

डॉक्टरांनी सुई दिली. पोराला उभं धरून गार पाण्याचे हबके मारले, तळपायावर टिचक्या मारत राहायला सांगितलं. पुष्कळ वेळ काहीच झालं नाही. मग झिपरूनं तोंड वाकडं केलं, हात आखडले, आणि मांजराच्या पिल्लाएवढ्या आवाजात रडला. डॉक्टर म्हणाले, "अजून." पुन्हा टिचकी. तो मोठ्यानं रडला. सोमी मटकन खाली बसली आणि तिनंही सूर लावला. जानू भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. चंद्रकांतेच्या रडण्याला आपण आजवर काय काय नावं ठेवली, ते त्याला आठवत होतं.

परतताना सोमीनं विचारलं, "मना तुरुंगात घालशील?"

"नाय," जानू म्हणाला. "पन गोली कोन देतो, कशी देतो, ते समदा सांग."

मुकादमाचं नाव झुंबर. गोळ्या तो आठवड्याच्या पगाराबरोबर आपल्या झोपडीत बसून स्वतः वाटायचा. पोर रडलं की आई काम टाकून झोळीकडे पळते, म्हणून रडणाऱ्या पोराच्या आईची अर्धी हजेरी कापायची आणि निजलेल्या पोराच्या आईची पुरी मांडायची, असा त्याचा हिशेब होता. त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला एकही बाई उभी राहणार नाही हे जानूला कळत होतं. आणि झुंबर तर माल अंगावर बाळगतच नव्हता, पगाराचा दिवस सोडून, आणि तोवर पोरांना गोळ्या खाऊ देणं जानूला जमणार नव्हतं.

तोड काढली लाडकीनं. "पोरांना रडू दे ना," ती म्हणाली. "तो पुरुस माणूस. एवड्या पोरांचा रडना किती वेल सोसल?"

सोमीनं पाण्याच्या टाकीपाशी बायांना झिपरू दाखवला. जास्त काही सांगावं लागलं नाही, त्याचे काळेनिळे तळपाय सगळ्यांनी पाहिले. दुसऱ्या दिवशी कुणीच गोळी दिली नाही. कोवळं ऊन होतं तोवर जरा कुरकुर झाली. मग एकानं गळा काढला, त्याला दुसऱ्यानं साथ दिली, आणि बघता बघता चिंच अशी दणाणली की वरचे कावळे उडून गेले. अफूची सवय लागलेली पोरं ती, त्यांना खरोखरच त्रास होत होता. बायांचे डोळे भरलेले, हातात घमेली, पण ठरल्याप्रमाणे कुणी झोळीकडे गेली नाही. खडीच्या ढिगाऱ्यामागे धोतर-टोपीतले फौजदार निगुडकर कानात बोटं घालून बसले होते. त्यांच्या शेजारी पंच म्हणून आणलेला चहावाला आणि एक गाडीवान. चणेवाला आज सरकून चिंचेखालीच बसला होता, नवं मडकं घेऊन.

झुंबर आधी बायांवर ओरडला. मग चिंचेवर ओरडला. मग तरातरा आपल्या झोपडीत गेला आणि पितळी डबी घेऊन आला. "तुमाला जमत नाय तर मीच देतो," म्हणत त्यानं सगळ्यात मोठ्यानं रडणाऱ्या पोराची झोळी ओढली आणि चिमटीत गोळी धरली. त्याचा हात पोराच्या तोंडापर्यंत पोहोचायच्या आत चणेवाल्यानं मनगट धरलं होतं. पंचनामा तिथंच लिहिला. पोरांच्या आवाजात निगुडकरांना एकेक वाक्य तीनदा सांगावं लागलं. मग बाया झोळ्यांकडे धावल्या. ठेकेदाराचा माणूस काहीतरी बोलायला पुढं आला, तेव्हा निगुडकरांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं स्वतःच हजेरी पुरी मांडायचं कबूल केलं. आणि लाडकी रोज येऊन झोळ्यांपाशी बसायला लागली. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

डबीवरून झोपडी, झोपडीवरून स्टेशनाजवळचा एक गोदामवाला, असा माग लागत गेला. जानूच्या बाहीवर जमादारीची खूण आली. पण खटला पालघरच्या कोर्टात उभा राहायचा होता आणि सगळं सोमीच्या साक्षीवर होतं. ती येईल की डोंगरात निघून जाईल, या काळजीनं नवे जमादार सकाळपासून कोर्टाच्या आवारात फेऱ्या मारत होते. सोमी आली, झिपरूला कडेवर घेऊन, लुगडं धुऊन नेसून.

झुंबरचा वकील उठला. "पोराला गोळी कुणी दिली? मुकादमानं?"

"नाय."

जानूनं बोटीचा काठ धरावा तसा समोरचा बाक धरला.

"मग?"

"मी दिली," सोमी म्हणाली. "त्यानं माज्या हातात दिली नि मी पोराच्या तोंडात दिली. रोज दिली. मना कललं नव्हतं. आता कललाय, म्हनून बोलाया आले. मना काय करायचा ते करा."

वकिलानं पुढचा प्रश्न विचारायला तोंड उघडलं. नेमकं तेव्हाच झिपरूनं गळा काढला. सोमीनं त्याला थोपटलं, पण तो ऐकेना. पट्टेवाला लगबगीनं पुढं आला आणि तिला हातानं दाराकडे वळवू लागला.

"थांबा," मॅजिस्ट्रेट म्हणाले. त्यांनी लेखणी खाली ठेवली. "त्याला बाहेर नेऊ नका. रडू द्या त्याला."

मग पुढची सगळी साक्ष मोठमोठ्या आवाजात झाली.